एक जूनची माणसे आणि डीएनएचे घड्याळ

वयाच्या खोट्या दाखल्यांचा प्रश्न विज्ञानाने आता कायमचा निकालात काढला आहे, असे मत अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकीत फार आत्मविश्वासाने मांडले जाते. रक्ताचे चार थेंब किंवा गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा प्रयोगशाळेत पाठवावा. डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचून यंत्र त्या माणसाचे वय सांगेल. मग मुख्याध्यापकाची सही नको, ग्रामसेवकाचा शिक्का नको आणि साक्षीदारांच्या शपथाही नकोत. आरोपी अल्पवयीन आहे की नाही, नवरी अठरा वर्षांची झाली की नाही, म्हातारी श्रावणबाळ योजनेच्या वयात बसते की नाही, हे सगळे वाद एका नळीत मिटतील. कागद खोटे बोलतो, शरीर खोटे बोलत नाही, हा या मताचा गाभा.

हे मत चुकीचे आहे, आणि नुसते चुकीचे नव्हे तर घातक आहे, असे आमचे म्हणणे आहे. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. प्रयोगशाळेतल्या कामाविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु वय हा केवळ जीवशास्त्राचा विषय आहे हेच मुळात आम्हांला मान्य नाही. वय हा भाषेचा, नोंदीचा आणि कायद्याचा विषय आहे, आणि तेथे आम्हांला बोलण्याचा तितकाच हक्क आहे.

प्रथम हे शास्त्र काय म्हणते ते नीट पाहू, कारण विरोध करायचा तर तो समजून केला पाहिजे. आपल्या शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. त्याची वर्णमाला चार अक्षरांची. त्यांपैकी सायटोसिन या अक्षरावर, विशेषतः त्याच्या पुढे ग्वानिन आले असेल तेथे, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटासा गट येऊन चिकटतो. याला मेथिलेशन म्हणतात. अक्षर बदलत नाही; मात्र तेथला मजकूर वाचला जाण्याची शक्यता बहुधा कमी होते. जुन्या पोथ्या हाताळलेल्यांना ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. लेखनिकाच्या हातून चुकीचे अक्षर पडले तर तो त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत असे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. मेथिलेशन म्हणजे पेशीने आपल्याच पोथीवर फासलेला हरताळ समजावा. फरक इतकाच की पेशी तो पुन्हा पुसूही शकते.

वय वाढते तसा काही जागांवरचा हा हरताळ वाढत जातो, काही जागांवरचा झडत जातो, आणि हे बऱ्याच अंशी नियमाने घडते. २०१३ साली लॉस एंजेलिस येथील स्टीव्ह होर्व्हाथ यांनी सुमारे ८,००० नमुने आणि ५१ प्रकारच्या ऊती व पेशी तपासून अशा ३५३ जागा निवडल्या आणि त्यांवरून वय काढण्याचे एक गणिती सूत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हॅनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ रक्तासाठी ७१ जागांचे सूत्र मांडले. होर्व्हाथ यांच्या सूत्राची मध्यक चूक ३.६ वर्षे होती. याचा सरळ अर्थ असा की निम्म्या नमुन्यांत चूक ३.६ वर्षांहून कमी निघाली आणि उरलेल्या निम्म्यांत त्याहून जास्त. शास्त्रीय दृष्टीने हे यश थोर आहे. बेवारस मृतदेहाचे वय अदमासाने ठरवायचे असेल, गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या रक्ताच्या डागावरून पोलिसांना तपासाची दिशा हवी असेल, तर असा अंदाज निश्चित उपयोगी पडेल. तेथे तीन-चार वर्षांच्या चुकीने कोणाचे आयुष्य उलटेपालटे होत नाही.

पण हे घड्याळ नेमके काय मोजते? याचे उत्तर खुद्द या शास्त्रानेच पुढच्या दहा वर्षांत दिले, आणि आपल्या उत्साही मंडळींनी ते वाचलेले दिसत नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये जी पुढच्या पिढीची घड्याळे आली, ती माणसाने किती वर्षे काढली हे सांगण्यासाठी नव्हेच. शरीर किती झिजले आणि मरण किती जवळ आले याचा अंदाज घेण्यासाठी बनवलेली होती. धूम्रपान, लठ्ठपणा, गरिबी, दीर्घकाळचा ताण यांच्या खुणा डीएनएवर उमटतात, हे तर आता पाठ्यपुस्तकी ज्ञान झाले आहे. लहानपणी हिंसा भोगलेल्या मुलांचे घड्याळ पुढे धावत असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात आलेल्या माणसांच्या एका जनुकावरच्या खुणा सहा दशकांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. शरीर खोटे बोलत नाही, हे खरे. पण आपण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर ते देईल असे नाही. आपण विचारतो, 'तुझा जन्म केव्हा झाला?' ते सांगते, 'माझ्यावर काय काय गुदरले.'

साहित्याच्या अभ्यासकांना हा घोटाळा परिचित आहे. मुकुंदराजाच्या विवेकसिंधूचा काळ परंपरेने शके १११० सांगितला जातो. पण हाती असलेल्या प्रतींची भाषा त्या मानाने अर्वाचीन वाटते, म्हणून त्यावर विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या वाद घातला. भाषा अर्वाचीन वाटण्याचे एक कारण असे की ग्रंथ जितक्या हातांतून गेला तितक्या हातांनी तो थोडा थोडा बदलला. भाषेचे रूप हे ग्रंथाच्या जन्माचे साक्षीदार असतेच असे नाही. बरेचदा ते त्याच्या हाताळणीचे साक्षीदार असते. अंतर्गत पुराव्याची ही मर्यादा ज्याने एकदा ओळखली, तो केवळ हरताळाचे ठिपके मोजून पोथीचा शक ठरवणार नाही.

यापुढची गोष्ट अधिक गमतीची आहे. या घड्याळाला वय शिकवले कोणी? ज्यांच्या जन्मतारखा आधीच खात्रीने ठाऊक होत्या अशा हजारो माणसांचे नमुने संगणकाला देण्यात आले, आणि कोणत्या जागांचे किती वजन धरले म्हणजे उत्तर त्या तारखांशी जुळते हे त्याने शोधून काढले. म्हणजे कागदाला पदच्युत करायला निघालेले हे घड्याळ कागदाच्याच शाळेत शिकलेले आहे. ज्यांच्याजवळ चोख दाखले होते त्या समाजांनी, मुख्यतः अमेरिका-युरोपातील माणसांनी, त्याला वय म्हणजे काय हे सांगितले. आणि आता ज्यांच्याजवळ दाखले नाहीत त्यांचा न्याय त्याने करावा अशी अपेक्षा आहे. हेच सूत्र आमच्या भागातल्या शाळांच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरांवर शिकवले असते तर त्याने एवढेच शिकून घेतले असते की बहुतेक माणसे एक जूनला जन्मतात.

एक जूनचा हा प्रकार मराठवाड्याबाहेरच्या वाचकांनाही ठाऊक असेलच. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बीड जिल्ह्यातली तालुक्याची आष्टी निराळी, वर्धा जिल्ह्यातली १९४२ च्या हुतात्म्यांची आष्टी निराळी. आम्ही म्हणतो ती जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातली. या परिसरातील चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या दहा माणसांना जन्मतारीख विचारा, त्यांतले कितीतरी जण 'एक जून' असे सांगतील आणि सांगताना हसतील. पूर्वी जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी वस्तीवस्तीवर जाऊन पोरे गोळा करीत. मुलाचा उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला की ते शाळेच्या वयाचे झाले असे धरीत, आणि प्रवेशाच्या वर्षातून सहा वजा करून तारखेच्या रकान्यात एक जून लिहीत. त्याच तारखेने पुढे दहावीचे प्रमाणपत्र, नोकरी आणि निवृत्ती. जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रात निरोपसमारंभांची एवढी गर्दी होते. जिल्हाही कागदावर पक्का नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी परतूर तालुका परभणीत होता. त्यामुळे एकाच घरात थोरला परभणी जिल्ह्यात जन्मलेला आणि धाकटा जालना जिल्ह्यात, असे सहज आढळते. घर मात्र जागचे हललेले नसते.

तेव्हा कागद चुकतो, हे आम्हांला कोणी सांगायला नको. पण तो का चुकला हे जरा बारकाईने पाहावे. गुरुजींनी वय ठरवले ते हात कानाला लागतो की नाही यावरून. म्हणजे एक जून ही तारीखही मुळात शरीराच्याच साक्षीवर लिहिली गेली. आईला विचारले असते तर तिने तारीख सांगितली नसती कदाचित, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा गणपती बुडवले त्या रात्री पहाटे किल्लारीला भूकंप झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात, असे काहीतरी निश्चित सांगितले असते. ३० सप्टेंबर १९९३ ही तारीख तिला पाठ नसेल. पण त्या खुणेवरून महिना नक्की काढता आला असता. निजामाच्या राजवटीत वाढलेल्या पिढीला पोलीस ॲक्शनचे साल तसेच लक्षात होते. या साक्षी कोणी टिपून घेतल्या नाहीत, कारण सांगणारी बाई होती आणि निरक्षर होती. कागदाचा दोष हा माणसाला न विचारल्याचा दोष आहे. त्यावर उपाय म्हणून पुन्हा एकदा माणसाला न विचारताच त्याच्या शरीराला विचारायचे, याला सुधारणा म्हणता येत नाही. हात-कानाची कसोटी, हाडांचा क्ष-किरण आणि डीएनएचे घड्याळ हे एकाच घराण्यातले तीन वंशज आहेत. धाकटा शिकलेला आहे इतकेच.

आता कायद्याकडे येऊ. बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ ने वय ठरवण्याचा क्रम घालून दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला. आणि या दोन्हींच्या अभावीच हाडांची चाचणी 'किंवा वयनिश्चितीची अन्य कोणतीही अद्ययावत वैद्यकीय चाचणी'. या शेवटच्या शब्दांतून डीएनएचे घड्याळ उद्या न्यायालयात प्रवेश करणार आहे. दार उघडेच आहे. परंतु कायद्याने शरीराला तिसऱ्या पायरीवर बसवले हे विसरू नये. हाडांच्या चाचणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच जयमाला प्रकरणात नोंदवले होते. अंदाज आणि पुरावा यांतला भेद न्यायालयांना पूर्वीपासून माहीत आहे.

हा क्रम किती शहाणपणाचा आहे हे पुण्याच्या राठी हत्याकांडाने दाखवले. २६ ऑगस्ट १९९४ रोजी त्या कुटुंबातील पाच स्त्रिया आणि दोन मुले यांची हत्या झाली. स्त्रियांतील एक गर्भवती होती. त्या क्रौर्याविषयी कोणाचेही दुमत असू शकत नाही. खटल्यात एका आरोपीचे वय विशीच्या घरात लिहिले गेले. त्याला १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. पुढे तुरुंगात असताना, २००५ साली, त्याची वैद्यकीय तपासणी झाली. तिचा निष्कर्ष असा की वय २२ पेक्षा जास्त आणि ४० पेक्षा कमी. अठरा वर्षांचे अंतर! माणसाला फासावर द्यायचे की नाही याचा निर्णय ज्या प्रश्नावर अवलंबून होता, त्याचे शरीराने दिलेले उत्तर इतके रुंद होते की त्यात एक अख्खे बालपण मावावे. उत्तर कोठे सापडले? राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरात. तेथे जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय बारा वर्षे आणि सुमारे सात महिने. पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांनी या नोंदीची चौकशी केली, राज्य सरकारने आक्षेप घेतले, आणि अखेर २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन ठरवून मुक्त केले. तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. बालकाला कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. अल्पवयीनाची ओळख उघड करू नये हा त्याच कायद्याचा दंडक असल्याने आम्ही नाव लिहीत नाही.

बारा वर्षांचा मुलगा असे कृत्य करू शकेल का, हा प्रश्न न्यायालयासमोरही होता. हा प्रश्न आपल्याला हादरवतो, पण अशा तर्कावर निवाडा करता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. आमच्या मते या निकालातली सर्वांत धीराची गोष्ट हीच. 'असे कृत्य करणारा मूल असूच शकत नाही' हे विधान वयाविषयी नाही, आपल्या संतापाविषयी आहे.

डीएनएचे घड्याळ या प्रकरणात असते तर काय झाले असते, याचाही विचार प्रामाणिकपणे करू. २०२३ मध्ये शाळेच्या नोंदीप्रमाणे तो ४१ वर्षांचा. खटल्यातल्या नोंदीप्रमाणे ४९ ते ५१ वर्षांचा. घड्याळाने ४१ सांगितले असते तर त्याच्या दाव्याला बळ मिळाले असते, हे आम्ही नाकारत नाही. पण फाशीच्या छायेत दोन दशके घालवलेल्या शरीराने ४५ सांगितले असते तर? तेवढी चूक या शास्त्रात असामान्य नव्हे. मग तो आकडा दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने वाचला असता, आणि यंत्राचा आकडा म्हणून रजिस्टरातली मळकट ओळ त्याच्यापुढे फिकी पडली असती. भीती चाचणीची नाही. चाचणीला मिळणाऱ्या प्रतिष्ठेची आहे.

येथे सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जाणे आवश्यक आहे. आपल्या भाषेत वयासाठी जे वाक्प्रचार आहेत ते जवळजवळ सगळे शरीराचे आहेत. दुधाचे दात, मिसरूड फुटणे, अक्कलदाढ, पिकले पान; आणि सर्वांत बोलका, 'वयात येणे'. मुलगी वयात आली म्हणजे तिचे अमुक वर्ष पूर्ण झाले असे नव्हे; तिला न्हाण आले असे. जणू तोवर ती वयाच्या बाहेरच उभी होती. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात नेमका हाच प्रश्न होता. १८८४ पासून मुंबईत गाजलेल्या रखमाबाईंच्या खटल्याने आणि १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी या सुमारे अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने तो पेटला होता. गर्भाधानाचा काळ ऋतुप्राप्तीने ठरतो, म्हणजे शरीर ठरवते, असे परंपरावाद्यांचे म्हणणे. सरकारचे विधेयक सांगत होते की शरीर काहीही म्हणो, बारा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नाही. टिळकांनी त्या विधेयकाला विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. कायदा मार्च १८९१ मध्ये झाला आणि संमतिवय दहावरून बारावर गेले. आकडा लहान होता, पण तत्त्व मोठे होते. वय शरीराच्या ताब्यातून काढून दिनदर्शिकेच्या ताब्यात दिले गेले. मुलगी थोराड दिसते, तिला न्हाण आले आहे, ती घर सांभाळते, यांपैकी काहीही असले तरी ती मूलच आहे, असे म्हणण्याची सोय त्या आकड्याने करून दिली.

अठरा वर्षांची आजची रेषा ही त्याच तत्त्वाची वारस आहे. सतरा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा आणि अठरा वर्षांचा मुलगा यांच्या मेंदूत, हाडांत वा रेणूंत काही एका रात्रीत घडत नाही. रेषा निसर्गात नाही, ती समाजाने दिलेल्या वचनात आहे. म्हणून तिचे उल्लंघन झाले की नाही हे निसर्गाला विचारणे हा कोटिक्रमातलाच दोष आहे. कलम ९४ ची भाषा पाहावी. मंडळाने नोंदवलेले वय हे त्या व्यक्तीचे खरे वय 'मानले जाईल', असे तेथे म्हटले आहे. 'आहे' नव्हे, 'मानले जाईल'. कायदा लिहिणाऱ्याला आपण काय करीत आहोत याचे भान होते.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की ही सर्व टीका जुन्या घड्याळांवर झाली. लहान मुलांसाठी नवी, अधिक अचूक घड्याळे निघाली आहेत. हे खरे आहे. २०२० मध्ये वीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, गालाच्या पेशींवरून वय सांगणारे ९४ जागांचे एक सूत्र प्रसिद्ध झाले आणि त्याची मध्यक चूक वर्षाच्या आत होती. पण त्याचा हेतू काय होता? नेहमीसारख्या वाढणाऱ्या मुलांचा माप-दंड तयार करून, कोणते मूल त्यापासून किती ढळते हे पाहणे. म्हणजे त्याच्या कर्त्यांनाच ठाऊक होते की मुले ढळतात. ते ढळणेच त्यांना मोजायचे होते. न्यायालयात उभे राहणारे मूल हे बहुधा ढळलेलेच मूल असते. फडावर उसाच्या मोळ्या वाहिलेले, उपाशी झोपलेले, मार खाल्लेले. कुपोषणाने हाडांची वाढ मागे पडते, हे वैद्यकाला पूर्वीपासून माहीत आहे. आघाताने रेणूंचे घड्याळ पुढे जाते असे काही नवे अभ्यास सुचवतात. एकाच पोराची हाडे मागे आणि रेणू पुढे, असे झाले तर न्यायाधीशाने कोणावर विश्वास ठेवायचा? आणि मध्यक चूक ही हजारांच्या गर्दीची असते. पिंजऱ्यात एकटा उभा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खोट्या दाखल्यांचा धंदा चालतो, बालविवाह झाकण्यासाठी मुलीचे वय वाढवले जाते, मग हा अन्याय चालू द्यायचा काय? बालविवाहाचे प्रमाण आम्ही कमी लेखत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघाले. आष्टीला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होते. परंतु हे विवाह जन्मतारीख ठाऊक नसल्यामुळे होत नाहीत. मांडवातल्या प्रत्येकाला मुलगी कितवीत आहे हे माहीत असते. माहिती असून गप्प बसणाऱ्या गावाला प्रयोगशाळा बोलते करू शकत नाही. उलट सोळा वर्षांच्या मुलीचा अहवाल 'सतरा ते वीस' असा आला, तर तोच अहवाल मांडवात अक्षतांबरोबर वाटला जाईल.

शिवाय चुकीची मर्यादा कोणाच्या पदरात टाकायची, हे प्रयोगशाळा सांगत नाही. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पोक्सोच्या खटल्यांसंबंधी असे ठरवले की हाडांच्या चाचणीत पीडितेच्या वयाची जी वरची मर्यादा येईल ती धरावी आणि तिच्यात आणखी दोन वर्षांची सूट आरोपीला द्यावी. संशयाचा फायदा आरोपीला, या तत्त्वाने ते सुसंगत आहे. पण परिणाम पाहा: आरोपी मूल असताना आपण त्याचे वय कमी धरावे म्हणतो आणि पीडिता मूल असताना तिचे वय जास्त धरले जाते. यांतले काय योग्य, हा मूल्यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी यंत्राच्या आकड्यामागे लपवता येणार नाही.

आणि शरीराची झडती कोणाची घेतली जाते, हेही एकदा मोजून पाहावे. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या जन्मवर्षाचा वाद, १९५० की १९५१, जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. साऱ्या देशाने त्यावर चर्चा केली. अर्ज, प्रमाणपत्रे, पत्रव्यवहार तपासले गेले. त्यांच्या मनगटाचा क्ष-किरण काढा असे कोणालाही सुचले नाही, आणि ते योग्यच होते. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीतील बलात्कार व हत्येच्या प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन निघताच त्याची हाडे तपासा, अशी मागणी उठली. बालन्याय मंडळाने जानेवारी २०१३ मध्ये शाळेची नोंद ग्राह्य धरली. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने वयाच्या पडताळणीसाठी लाळ, पेशी आणि डीएनए तपासण्याची तरतूद केली, ती आश्रय मागत आलेल्या परदेशी मुलांसाठी. प्रतिष्ठिताचे वय कागद सांगतो. गरीब, परका आणि नकोसा असलेल्याचे वय मात्र त्याच्या शरीरातून काढावे लागते.

आपल्याकडे हे वळण फार दूर नाही. जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा मानणारी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. आधारकार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. २०२५ च्या आरंभी महाराष्ट्रात उशिरा नोंदवलेल्या जन्मांचे दाखले संशयात सापडले आणि ते देणे काही काळ थांबवले गेले. कागद एकीकडे अनिवार्य होत आहे आणि दुसरीकडे गरिबाचा कागद अविश्वसनीय ठरत आहे. या दोहोंच्या मधल्या पोकळीत उद्या कापसाचा बोळा येणार.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. डीएनएचे घड्याळ संशोधनात राहो, तपासात राहो. पण अठराच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध ते साक्षीला आणू नये. आणायचेच ठरले तर इथल्या, ऊसतोडीच्या आणि कोरडवाहू घरांतल्या मुलांवर त्याची उघड पारख आधी व्हावी. अहवालात एक आकडा नव्हे तर पूर्ण पल्ला लिहिलेला असावा. आणि तो देणारा तज्ज्ञ उलटतपासणीला उभा राहावा. रजिस्टर लिहिणाऱ्या गुरुजींना न्यायालय बोलावू शकते; सूत्राला बोलावता येत नाही.

आणि खरा उपाय स्वस्त आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावी असे कायदा म्हणतो. पण नोंद जन्माच्या ठिकाणी करायची असते, आणि आमच्या भागातली कितीतरी लेकरे दिवाळीनंतर कारखान्याच्या हद्दीत, फडाशेजारच्या कोपीत जन्मतात. हंगाम संपून टोळी गावी परतते तेव्हा ती मुदत केव्हाच उलटलेली असते. कारखान्याने गाळपाच्या उसाचे वजन किलोपर्यंत नोंदवावे आणि त्याच हद्दीत जन्मलेल्या मुलाची तारीख कोणीच नोंदवू नये, ही लाज प्रयोगशाळेत धुतली जाणार नाही. साखर कारखाना, ग्रामपंचायत आणि आशा कार्यकर्ती यांनी मिळून फडावरच जन्मनोंद घ्यावी, तीही आईच्या तोंडून. पंधरा वर्षांनी त्या मुलाचा किंवा मुलीचा रेणू वाचण्यापेक्षा आज त्या बाईचे एक वाक्य लिहून घेणे सोपे आहे, आणि ते अधिक खरे असेल.